पॅड सोलपटले राव! गेमिंग आणि पिक्चरसाठी घेतलेल्या हेडसेटचा वर्षभराचा अनुभव

आवाज कसा आहे ते सांगतोच, पण आधी पॅड. हेडफोन घेताना सगळे विचारतात ड्रायव्हर (म्हणजे आतला छोटा स्पीकर) किती एमएमचा, 7.1 (चहूबाजूंनी आवाज येण्याची सोय) आहे का, माईक कसा आहे, आणि जी गोष्ट रोज तीन-चार तास कानाला चिकटलेली असते तिच्याबद्दल बॉक्सवर दोन शब्द असतात, 'प्रोटीन लेदर', आणि आपण म्हणतो वा, प्रोटीन आहे म्हणजे चांगलंच असणार. ते शेवटी पीयूच असतं हो. पॉलियुरेथेनचा पातळ थर, खाली कापड.

कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हे रडगाणं या किमतीतल्या बऱ्याच हेडसेटचं आहे. दिवाळीच्या सेलमध्ये साडेपाच हजारांना घेतलेला, क्लोज्ड बॅक (कानावरचे कप मागून बंद), वायरवाला, सोबत यूएसबीचा डोंगल (कॉम्प्युटरला लावायची छोटी दांडी). स्पेक तुम्हाला माहितीच असतील, या रेंजमध्ये सगळ्यांचे तेच असतात. पावसाळा लागेपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. जुलैत एक दिवस आई उशीचा अभ्रा घेऊन आली, "हे काय काळं काळं पडतंय रे सगळीकडे?" मी आधी म्हटलं केसांचा रंग असेल बाबांचा. मग आरशात बघितलं तर कानामागे, मानेवर, टीशर्टच्या कॉलरवर बारीक काळे पापुद्रे. पॅडवरून बोट फिरवलं तर भरताच्या भाजलेल्या वांग्याची साल निघावी तसा अख्खा तुकडाच निघून हातात आला. डाव्या पॅडला जास्त, कारण माझ्या चष्म्याची डावी काडी जरा बाहेर आलेली आहे, ती तिथेच घासते.

हे घामाने होतं असं सगळे सांगतात आणि ते अर्धंच खरं आहे. घाम आणि केसांचं तेल आहेच, पण मुळात हवेतला दमटपणा पीयूला आतून तोडत जातो, त्यामुळे न वापरता कपाटात ठेवलात तरी कधी ना कधी सोलपटणारच. रेक्झिनच्या बॅगा, ऑफिसातल्या खुर्च्या, सगळ्यांचं हेच होतं. डोंबिवलीच्या हवेत जरा लवकर, एवढंच. म्हणजे पुसून ठेवा, सिलिका जेलची पुडी ठेवा वगैरे उपायांनी चार महिने वाढतील, गुण मुळापासून येणार नाही.

तर वॉरंटी एक वर्षाची, वर्ष झालेलं नाही, म्हटलं देतील बदलून. सर्व्हिस सेंटरला फोन केला, ते म्हणाले घेऊन या. डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून पुढे, बॅगेत हेडसेट बॉक्ससकट. काउंटरवरच्या मुलाने पॅड बघितले, उलटे केले, आणि म्हणाला, "सर, पॅड कन्झ्युमेबलमध्ये येतात, वॉरंटीत नाही बसत." मी म्हटलं ठीक आहे, मग विकत द्या, पैसे देतो. तर म्हणे "स्पेअर येत नाही सर आमच्याकडे." अहो मग कन्झ्युमेबल म्हणजे काय? जी वस्तू संपते ती परत मिळाली पाहिजे ना, प्रिंटरची शाई मिळते तशी? यावर तो बिचारा काय बोलणार, त्याने एक मेल आयडी लिहून दिला. मेलला उत्तर आलं की आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग 1915 वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, तिथून कंपनीकडे गेली, कंपनीने तेच कन्झ्युमेबलचं वाक्य तिकडेही चिकटवलं. साडेपाच हजारांची वस्तू, ड्रायव्हर ठणठणीत, वायर ठणठणीत, माईक ठणठणीत, आणि ती टाकून द्यायची का तर कानाला लागणारं फडकं फाटलं म्हणून. माझ्याच्याने हे होणार नाही. आमच्या घरात 1998 चा मिक्सर अजून चालतो.

बरं, मी ओपन बॅक, म्हणजे मागून उघडा जाळीवाला, का नाही घेतला हे बरेच जण विचारतील, कारण गेमिंग आणि पिक्चर दोन्हीसाठी ओपन बॅक बघा असा सल्ला सर्रास मिळतो. सल्ला चुकीचा नाही. कल्याणच्या मित्राकडे सेनहायझरचा एचडी 560 एस आहे, त्याच्याकडे बसून बऱ्याचदा ऐकलाय. आवाज डोक्याच्या बाहेरून येतो असं वाटतं, कुठली गोष्ट किती लांब आहे ते कळतं, कान तापत नाहीत, वजन 240 ग्रॅम, आणि पॅड व्हेलोरचे, म्हणजे मखमलीसारख्या कापडाचे, त्यामुळे सोलपटायचा प्रश्नच नाही. 120 ओहमचा, म्हणजे वाजवायला जरा जास्त जोर लागणारा, असूनही त्याच्या मदरबोर्डच्या मागच्या जॅकवर पुरेसा वाजतो. पण त्याची खोली बंद, एसी चालू, घरात तो एकटा. आमच्याकडे पंखा पाचवर, हॉलमध्ये सिरियल, मागे कुकर, आणि खाली सोसायटीच्या गेटवर रिक्षावाल्यांची भांडणं. ओपन बॅकमध्ये बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं सगळं बाहेर जातं. शत्रूची पावलं ऐकायची तर आधी पंखा बंद करावा लागेल, आणि मे महिन्यात पंखा बंद करून मी काहीच करू शकत नाही, गेम तर लांबच. त्यात वेगळा माईक घ्यायला लागतो तो खर्च निराळा. म्हणून क्लोज्ड. ज्यांच्याकडे शांत खोली आहे त्यांनी खुशाल ओपन घ्यावा.

गेममधला आवाज. बॉक्सवरच्या 7.1 ला काही अर्थ नाही, आत दोनच ड्रायव्हर आहेत, एक डावा एक उजवा, बाकी सगळी सॉफ्टवेअरची करामत. करामत वाईट नसते पण ती एकदाच करायची असते. व्हॅलोरंटमध्ये गेमच्या सेटिंगमध्येच एचआरटीएफ (दोन कानांत आवाजाची दिशा कळवणारी सोय) आहे, ते चालू केलं की हेडसेटच्या सॉफ्टवेअरमधलं 7.1 बंद करायचं, विंडोजमधलं स्पेशियल (spatial) साऊंडही बंद करायचं. दोन्ही चालू ठेवलं तर आवाजाचा चोथा होतो, माणूस मागे आहे की पुढे काही पत्ता लागत नाही, आणि मग आपण हेडसेटला शिव्या घालतो. सीएस 2 (काउंटर-स्ट्राइक 2) मध्येही तेच, त्याचं स्वतःचं आहे, वर ईक्यू (इक्वलायझर) प्रोफाईल क्रिस्प ठेवा, पावलं जरा उठून येतात. जुने गेम किंवा सिंगल प्लेअर ज्यात हेडफोनसाठी वेगळं काही दिलेलं नाही तिथे विंडोज सोनिक चालू करून बघा, फुकट आहे, विंडोजमध्येच असतं. डॉल्बीचं विकत आहे, ट्रायल वापरली, मला पैसे देण्याएवढा फरक नाही वाटला.

इथपर्यंत टाईप करून ठेवलं होतं, शेवटची ओळ 'व्हेलोर पॅड टाका आणि विषय संपवा' अशी लिहिणार होतो. पण तेवढ्यात मी मागवलेले तसे पॅड आले, महिनाभर वापरले, त्यामुळे आता जरा थांबून लिहायला लागतंय.

पॅड ऑनलाईन मिळाले, 650 रुपये जोडी, कंपनीचे नाहीत, त्या मापाचे. बसवायला सोपे आहेत पण पहिल्यांदा घाम फुटतो. पॅडच्या मागे पातळ कापडाची एक ओठासारखी कड असते, ती कपाच्या भोवतालच्या खाचेत बसवायची. वरून सुरू करा, तो भाग अंगठ्याने दाबून धरा आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने थोडी थोडी कड आत सारत खाली या. ओढाल तर कड उसवेल. आतली ड्रायव्हरवरची जाळीची चकती जुन्या पॅडला चिकटलेली असेल तर ती फेकू नका, काढून नव्याच्या आत टाका, नाहीतर धूळ थेट ड्रायव्हरवर. आणि घेण्याआधी जुन्या पॅडचं बाहेरचं माप लांबी-रुंदी दोन्ही पट्टीने मोजा, फोटो बघून मागवू नका.

आराम म्हणाल तर स्वर्ग. कान तापत नाहीत, चष्म्याची काडी रुतत नाही, काळे पापुद्रे बंद, आई खूश. पण रात्री पिक्चर लावला आणि बासच गायब. म्हणजे हेलिकॉप्टर येतंय ते दिसतंय पण छातीत काही होत नाही. हे होतं कारण लेदर कानाभोवती हवाबंद बसतं आणि क्लोज्ड हेडफोनचा बास त्या हवाबंदपणावरच उभा असतो, व्हेलोरमधून हवा निसटते, बास तिच्याबरोबर जातो. चष्मेवाल्यांचं तर लेदरमध्येही थोडं हेच होत असतं, काडीच्या फटीतून. बाहेरचा आवाजही आता जास्त येतो, सिरियलमधली सासू परत ऐकू यायला लागली. म्हणजे ज्यासाठी क्लोज्ड घेतला त्यातलं थोडं गेलंच. गेममध्ये मात्र उलटं झालं, बास कमी झाल्यामुळे स्फोटांच्या खाली दबलेली पावलं जास्त साफ यायला लागली. आता काय बोलणार.

पिक्चरसाठी मग इक्वलायझर एपीओ हे बास-ट्रेबल कमीजास्त करायचं सॉफ्टवेअर टाकलं, ते पण फुकट. 100 हर्ट्झच्या खाली लो शेल्फ (म्हणजे खालचा सगळा बास एकत्र) 4 डीबी वाढवला आणि प्रीअ‍ॅम्प (म्हणजे एकूण आवाज) 4 डीबी कमी केला, हे दुसरं विसरू नका, नाहीतर मोठ्या आवाजाला फाटतो. बराचसा बास परत आला. सगळा नाही. गेमसाठी वेगळं प्रोफाईल, तिथे बास वाढवलेला नाही.

पिक्चरबद्दल अजून एक, कारण 'डायलॉग ऐकू येत नाहीत आणि गाणं आलं की कान फाटतात' ही तक्रार हेडफोनची नसते. 5.1 च्या, म्हणजे सहा स्पीकरसाठी बनवलेल्या, ट्रॅकमध्ये माणसांचं बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतं, ते सगळं दोन कानांत कोंबताना बोलणं मागे पडू शकतं. डाउनलोड केलेली फाईल एमपीसी या प्लेअरमध्ये बघत असाल तर त्यातल्या एलएव्ही ऑडिओ डीकोडरच्या सेटिंगमध्ये, मिक्सिंगमध्ये जाऊन सेंटर थोडा वाढवा. ब्राउझरमध्ये बघत असाल तर विंडोजचं लाऊडनेस इक्वलायझेशन (लहान-मोठा आवाज एकसारखा करणारी सोय) चालू करा, तुमच्या साऊंड ड्रायव्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत असेल तर. रात्री घरचे झोपल्यावर फार उपयोगी, गेम खेळताना मात्र बंद करा, लांबची आणि जवळची पावलं एकाच आवाजात येतात. आणि जुने मोनोमधले मराठी पिक्चर बघताना सगळं सराऊंड बिराऊंड बंद. चालू राहिलं तर हिरो न्हाणीघरातून बोलतोय असं वाटतं.

बाकी भराभर. माईक डिस्कॉर्डला (गेम खेळताना बोलायचं अ‍ॅप) पुरेसा, पंख्याचा झोत तोंडावर असेल तर फोम लावा. ब्लूटूथवाला गेमसाठी घेऊ नका, एक तर आवाज उशिरा येतो आणि माईक चालू केला की बऱ्याच हेडफोनांचा आवाज जुन्या टेलिफोनच्या दर्जाला येतो. वायरलेसच पाहिजे तर 2.4 गिगाहर्ट्झचा डोंगलवाला. डोंगल न वापरता साध्या जॅकने लावणार असाल तर कॅबिनेटच्या पुढच्या जॅकऐवजी मागच्याला लावा, पुढची वायर सगळ्या कॅबिनेटमधून फिरून येते, माझ्याकडे ग्राफिक कार्डवर लोड आला की तिच्यात किर्र ऐकू यायचं. मागे लावूनही हूं हूं येत असेल आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर हेडफोन बाजूला ठेवा आणि वायरमनला बोलावून आधी अर्थिंग बघा.

तर हेडसेट घ्यावा का? घ्या, आवाजाला नावं ठेवायला जागा नाही. फक्त कार्टमध्ये टाकायच्या आधी त्या मॉडेलचे पॅड सुटे मिळतात का ते शोधा, आणि ते निघणारे आहेत का चिकटवलेले तेही बघा. चिकटवलेले असतील तर सोडून द्या, कितीही सूट असली तरी.

माझा हिशोब साडेपाच हजार अधिक साडेसहाशे, अधिक ट्रेनचं भाडं. परवा कंपनीकडून मेल आली, झालेल्या गैरसोयीबद्दल त्यांच्या वेबसाईटवर 10 टक्क्यांचं कुपन. उघडून बघितलं, वेबसाईटवर पॅड विकायला नाहीतच.