आमच्या ८००ला अॅडाप्टर: पैसे वसूल, पण दुसऱ्या खेपेला

वडिलांची १९८९ची मारुती ८००. तिचा पीसीडी (चाकाचे बोल्ट किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास किती मिमी) ४x११४.३, हाती लागलेली १३ इंची अलॉय चाकं ४x१००ची. सोलापुरात लेथवर २५ मिमी जाडीचे चार अॅडाप्टर, म्हणजे गाडी आणि चाक यांच्यामध्ये बसणाऱ्या जोडचकत्या, करून घेतले, साडेसहा हजारांत. दुकानाचं नाव घेत नाही, कारण पहिला सेट फसला होता. मधल्या भोकात आणि हबमध्ये (गाडीचा चाक बसतं तो भाग) फट राहिली, सत्तरच्या वर स्टीअरिंग थरथरायचं. शिवाय गाडीचे मूळ स्टड (चाकाचे बोल्ट) अॅडाप्टरच्या बाहेर दोन मिमी डोकावत होते, त्यामुळे अलॉय नीट टेकतच नव्हतं. म्हातारा मिस्त्री म्हणाला, "साहेब, स्टड कापू या की." मी म्हटलं, काका, अजिबात नाही!

दुसरा सेट त्यांनी फुकट बनवला: हबवर घट्ट बसणारा. डोकावणारे स्टड मावायला अलॉयला मागून खळगे नसतील तर अलॉय परत, अशी माझी अट. टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) नट आवळून तुळजापूरला जाऊन आलो, नव्वदेक किलोमीटर. परतल्यावर पुन्हा आवळून पाहिलं तर एक नट पाव फेरा फिरला. थरथर गेली. चाकं मात्र दोन्हीकडे पंचवीस मिमी बाहेर आलीत, चौघं बसले की मागचा टायर मडगार्डला घासतो. बेअरिंगवरही भार वाढतोच. काकांचं काम चोख, बोलणं त्याहून चोख, पण वेळ पाळत नाहीत.