अंकी ॲप: सीयूईटीच्या इंग्रजी शब्दांसाठी दिवाळीपासून वापरतोय, त्याचा अनुभव

सोलापुरात ‘सीईटी’ म्हटलं की समोरचा एमएचटी-सीईटीच धरून चालतो. इंजिनिअरिंग नाहीतर फार्मसी. मला राज्यशास्त्र घेऊन दिल्ली विद्यापीठात जायचंय आणि तिथले पदवीचे प्रवेश २०२२ पासून सीयूईटीच्या, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या, गुणांवर होतात. इंग्रजीच्या पेपरात ५० प्रश्न, वेळ ६० मिनिटं. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलं तर १ वजा. उतारे आणि वाक्यांचे तुकडे जुळवणं मला जमायचं. समानार्थी, विरुद्धार्थी आणि योग्य शब्द निवडा इथं गाडी अडायची, कारण दहावीपर्यंत मराठी माध्यम. अंदाजपंचे टिक मारावी तर तो वजा गुण डोक्यावर बसलेला.

आधी एक पैसे भरून घ्यायचं ॲप वापरून पाहिलं, नाव सांगत नाही. चकचकीत चित्रं, रोज आलात म्हणून टाळ्या, आणि चार पर्यायांतून अर्थ ओळखायचा. पर्याय समोर दिसले की उत्तर सुचतं, पण तोच शब्द चार दिवसांनी उताऱ्यात भेटला की ओळखच देत नाही. मुदत संपल्यावर पुन्हा पैसे भरले नाहीत.

अंकी हे कार्डांवरून पाठांतर करायचं ॲप याच्या अगदी उलट आहे. दिसायला रुक्ष. मित्रानं स्क्रीन बघून विचारलं, ‘काय बे, ही हिशोबाची वही काय?’ आहेच तसं. कार्डाच्या पुढच्या बाजूला प्रश्न, मागं उत्तर. उत्तर आधी मनात आणायचं, मग उलटून बघायचं आणि चार बटणांतलं एक दाबायचं: अगेन, हार्ड, गुड, ईझी. त्यावरून ते कार्ड पुन्हा कधी दाखवायचं हे ॲप ठरवतं. नीट आठवत गेलं तर काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी, मग महिन्यांनी. विसरलात की पुन्हा जवळ येतं. विसरायच्या बेतात असताना आठवायला लावणं, एवढंच त्याचं काम, आणि ते चोख करतं. सेटिंगमध्ये कार्ड कधी दाखवायचं ते ठरवायची एफएसआरएस नावाची नवी पद्धत आहे, २०२३ च्या आवृत्तीपासून आलेली. ती चालू करून ठेवा. काही आठवड्यांचा वापर साठला की ती तुमच्या विसरण्याच्या वेगाप्रमाणं जुळवून घेता येते.

आता खरा मुद्दा. या ॲपचा उपयोग तुम्ही कार्डं कशी बनवता यावर आहे. तयार संच फुकट मिळतात, हजारो शब्दांचे. त्यातले बरेचसे अमेरिकेतल्या जीआरई किंवा जुन्या सॅट परीक्षेसाठी बनवलेले. सॅटनंच २०१६ मध्ये रिकाम्या जागा भरायचे सुटे प्रश्न काढून टाकले, संच मात्र अजून त्याच जुन्या अवघड शब्दांचे फिरतायत. सीयूईटीत बहुतेक वेळा शब्द ओळखीचे असतात, छटा वेगळी विचारतात. म्हणून मी कार्डं स्वतः बनवली. इंग्रजी पेपरचा संपादकीय लेख वाचायचा, अडलेला शब्द पूर्ण वाक्यासकट उचलायचा आणि शब्दाच्या जागी रेघ मारायची. मागं तो शब्द, सोप्या इंग्रजीत अर्थ आणि माझं स्वतःचं एक वाक्य. उदाहरणार्थ ‘फ्रूगल’च्या (काटकसरी) मागं मी लिहिलं: नळाला रोज पाणी येत नाही अशा घरात वाढलेली माझी आई पाणी फ्रूगलपणे वापरते. त्याखालीच ‘मायझरली’ (कंजूष), आणि तिथं आमचे एक नातेवाईक, जे पाहुण्याला शेंगाचटणीसुद्धा मोजून वाढतात. पर्यायांत हे दोन्ही शब्द शेजारी आले तरी आता गफलत होत नाही.

हे बनवायला वेळ लागतो, लपवत नाही. एक कार्ड नीट करायला दोन-तीन मिनिटं जातात. पण निम्मं पाठांतर तिथंच होऊन जातं.

नव्या कार्डांची मर्यादा रोज २० असते. ती १० वर आणा, बारावीचा अभ्यास सोबत असेल तर त्याहून कमी. आज घेतलेलं प्रत्येक नवं कार्ड पुढचे कित्येक आठवडे परत येत राहतं, त्यामुळे सुरुवातीला हलका वाटणारा बोजा महिन्याभरात वाढतो. जानेवारीत गड्ड्याची यात्रा होती, त्या दिवसांत अंकी उघडलंच नाही. नंतर उघडलं तर उजळणीचा ढीग. अशा वेळी नवी कार्डं शून्यावर आणायची आणि ढीग थोडा थोडा उपसायचा. माझ्या एका मित्रानं जीआरईचा मोठा संच घेऊन रोज पन्नासचा धडाका लावला होता. थकबाकी बघून त्यानं ॲपच काढून टाकलं.

एखादं कार्ड आठ वेळा विसरलं की अंकी त्यावर ‘लीच’ असा शिक्का मारतं, म्हणजे रक्त पिणारी जळू. नाव अगदी बरोबर. असं कार्ड घोकत बसण्यात अर्थ नाही. वाक्य बदला, नाहीतर खोडा.

उतारा भराभर वाचायची सवय मात्र अंकी लावत नाही. त्यासाठी मी रविवारी हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन इंग्रजी वर्तमानपत्रं वाचली, आणि कार्डांचा कच्चा मालही तिथंच मिळाला. वाचन बंद पडलं त्या आठवड्यात कार्डंही कोरडी झाली, नुसत्या शब्दकोशातून उचललेली. ती आजही लवकर विसरतात.

खर्चाचं सांगायचं तर अँड्रॉइडवर ॲप फुकट आहे. अंकीड्रॉइड असं नाव शोधा, मिळत्याजुळत्या नावाची भलतीच ॲप्स आहेत, तिकडं फसू नका. संगणकावरही फुकट, आणि अंकीवेबवर खातं काढलं की दोन्हीकडची कार्डं जुळतात. आयफोनवरचं अधिकृत ॲप विकत घ्यावं लागतं. एकदाच पैसे, पण विद्यार्थ्याला जड जातील इतके. आयफोनवाल्यांनी आधी ब्राउझरमधून अंकीवेब महिनाभर चालवून बघावं, रोज उघडणं होतंय असं दिसलं तरच पैसे घालावेत.