१९९० च्या फोर्ड एफ-१५० चे इग्निशन पार्ट: अकरा महिने वापरल्यावर

आधी गाडी कोणती ते सांगतो, म्हणजे पुढचं कुणाला लागू पडेल ते कळेल. फोर्ड एफ-१५०, १९९० सालची, ४.९ लिटरचं सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, हाताने बदलायचे पाच गिअर. मी टेक्सासात न्यू ब्राउनफेल्सजवळ राहतो. ऑफिसला जायला कार आहे. पिकअप आहे ती चारा, खत, लाकूडफाटा आणि मंडळाचं सामान वाहायला. गेल्या वर्षी मार्चमध्ये एका शेतकऱ्याकडून घेतली.

हे इंजिन फोर्डने १९६५ ते १९९६ अशी एकतीस-बत्तीस वर्षं बनवलं. व्हॉल्व्हच्या टायमिंगला चेन नाही, थेट गिअर आहेत. डोकं आणि ब्लॉक दोन्ही बिडाचे. इकडच्या शेतांवर अजून कितीतरी गाड्या याच इंजिनावर राबतात, म्हणून पार्टची ददात नाही. अडचण निवडीची आहे. एकाच पार्टचे पाच-सहा पर्याय समोर येतात, पंचवीस डॉलरपासून सव्वाशेपर्यंत, आणि फोटोत सगळे सारखेच दिसतात.

माझ्या गाडीचं दुखणं ऑगस्टमध्ये सुरू झालं. दुपारचे तीन, बाहेर ३९ अंश, मागे चाऱ्याच्या गाठी. चढावर इंजिन गपकन बंद. मिसिंग नाही, धक्के नाहीत, कुणीतरी चावी फिरवल्यासारखं गप्प. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं जोरात, पण पेट घ्यायचं नाही. चाळीस मिनिटं बाभळीसारख्या एका झाडाखाली बसून राहिलो. मग पहिल्या सेल्फला चालू. घरी पोचेपर्यंत काही झालं नाही. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

रात्री इचलकरंजीला अण्णांना फोन केला. अण्णांनी उमेदीची वर्षं पेट्रोलच्या जीपवर काढली, पॉइंट आणि कंडेन्सरच्या जमान्यात. त्यांनी एकच विचारलं, "तापल्यावर बंद, निवल्यावर चालू, असंच हाय न्हवं? मग प्लगच्या मागं लागू नको. कंडेन्सर बघ." माझ्या गाडीत कंडेन्सर आणि पॉइंट नाहीत, पण त्यांचं काम करणारा जो इलेक्ट्रॉनिक डबा आहे, म्हणजे इग्निशन मॉड्युल, त्याच्यावरच अण्णांनी बोट ठेवलं होतं. मी तोवर प्लग, वायरी आणि फ्युएल पंप यांची यादी करून बसलो होतो. ती बाजूला ठेवली.

फोर्डच्या त्या काळातल्या या इग्निशन पद्धतीला टीएफआय (थिक फिल्म इंटिग्रेटेड) म्हणतात. माझ्या गाडीत हे मॉड्युल डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाच्या, अंगालाच दोन स्क्रूंनी बसवलेलं आहे, म्हणजे इंजिनाची धग सतत त्याच्या पाठीला. पुढच्या काही मॉडेलांत फोर्डने ते तिथून काढून मडगार्डच्या आतल्या बाजूला, वेगळ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर नेलं. घेताना पहिली काळजी इथेच घ्यायची. मॉड्युल दोन रंगांत येतं, राखाडी आणि काळं. राखाडी मॉड्युल कॉईलला (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या गुंडाळीला) करंट किती वेळ द्यायचा ते स्वतः ठरवतं, काळ्यात ते गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. दोन्हींचा आकार इतका सारखा की एकाच्या जागी दुसरं बसतं. माझ्या गाडीचं साल टाकल्यावर एका कॅटलॉगने दोन्ही दाखवली. गाडीवर जे आहे त्याचा रंग बघा आणि त्याच रंगाचं घ्या. कॅटलॉगवर सोडू नका.

दुसरी गोष्ट, मॉड्युल खराब आहे हे नक्की झाल्याशिवाय पैसे घालू नका. तापल्यावर बंद पडण्याचं हेच लक्षण डिस्ट्रिब्युटरच्या आतला सेन्सर गेला तरी दिसतं, आणि तो बदलायचा तर शाफ्टवरचा गिअर प्रेसवर काढावा लागतो. इथली पार्टची दुकानं मॉड्युल फुकट तपासून देतात. पण एकदा तपासून "चांगलं आहे" म्हणाले तर तेवढ्यावर परत येऊ नका. मी काउंटरवरच्या मुलाला विनंती करून सलग लावायला सांगितलं. चार वेळा पास झालं. पाचव्या वेळी, हाताला चांगलं गरम लागायला लागल्यावर, नापास. सहाव्यालाही नापास.

काढलेल्या मॉड्युलची पाठ बघितली तेव्हा खरं कोडं सुटलं. ते फोर्डचं मूळचं नव्हतंच, आधीच्या मालकाने कधीतरी बसवलेला स्वस्तातला माल होता. पाठीची धातूची पट्टी कोरडी ठक्क, कोपऱ्यात तेवढा पारदर्शक ग्रीसचा वाळलेला ठिपका. डिस्ट्रिब्युटरला टेकलेली बाजू, पण मध्ये हवा. उष्णता जाणार कुठून?

आणि हे बघूनही मी पहिल्यांदा चुकीचीच खरेदी केली. सव्वीस डॉलरचं मॉड्युल घेतलं, कारण दुकानात तेच शिल्लक होतं आणि शनिवारी गाडी हवी होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. डब्यात ग्रीसची पुडी होती, ती लावून बसवलं. सात आठवडे गाडी झकास चालली. ऑक्टोबरच्या मध्यात एका गरम दुपारी पुन्हा तशीच गपकन बंद, या वेळी हायवेवरून खाली उतरायच्या रस्त्यावर, मागे ट्रक. बायको शेजारी होती. त्या दिवशी मी फार घाबरलो होतो आणि या एका पार्टवर पुन्हा काटकसर करायची नाही हे तिथेच ठरलं.

मग जुन्या साठ्यातलं, न वापरलेलं मोटरक्राफ्टचं (फोर्डचाच पार्टचा ब्रँड) राखाडी मॉड्युल शोधून काढलं. पंच्याण्णव डॉलर. बसवताना पुडीतलं ग्रीस वापरलं नाही. मॉड्युलच्या डब्यात येतं ते बहुतेक वेळा प्लगच्या बुटात लावायचं डायइलेक्ट्रिक ग्रीस असतं. ते ओलावा आणि वीज अडवतं, उष्णता वाहून न्यायला कमी पडतं. इथे लागते ती कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर लावतात तसली पांढरी किंवा राखाडी थर्मल पेस्ट. माझं कामच सर्व्हरशी असल्याने ती घरात होती. डिस्ट्रिब्युटरची बैठक स्पिरिटने पुसली, जुन्या ग्रीसचा पापुद्रा नखाने खरवडून काढला, मग पेस्टचा पातळ, अखंड थर दिला. जाड थर नको, कारण धातूला धातू टेकायला हवा आणि पेस्टने फक्त फटी भरायच्या.

मॉड्युल आणि पेस्ट मी एकाच वेळी बदलली, त्यामुळे श्रेय दोघांत वाटून द्यावं लागेल. पण हिशेब सांगतो: अकरा महिने, साडेआठ हजार मैल, पूर्ण उन्हाळा, आणि एकदाही बंद पडलेली नाही.

स्क्रू साडेपाच मिलिमीटरचे आहेत आणि जागा अडचणीची. साधं सॉकेट आत जात नाही, पातळ भिंतीचं लागतं. ते दहा-बारा डॉलरला मिळतं, आधीच घेऊन ठेवा. मॉड्युल काढताना सरळ खाली ओढायचं. तिरकं ओढलं तर आतल्या तीन पिना मोडतात आणि मग डिस्ट्रिब्युटर उघडण्याचं काम मागे लागतं.

स्क्रूपर्यंत पोचायला मला डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवावा लागला. आधी रंगाची खूण केली होती, तरी टायमिंग लाइट लावून बघितलंच. या इंजिनाचं मूळ टायमिंग, म्हणजे ठिणगी किती आधी पडते ते, १० अंश आहे, पण ते बघण्यापूर्वी वायरीत असलेला स्पाउट नावाचा छोटा दोन पिनांचा जोड काढावा लागतो, म्हणजे कॉम्प्युटर आपल्या मनाने टायमिंग पुढे नेत नाही. काम झालं की तो जोड लगेच परत लावा. विसरलात तर इंजिन सगळ्या वेगाला दहा अंशांवरच अडकून राहतं. मग ते तापतं, पेट्रोल पितं आणि ओढ राहत नाही, आणि माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो.

आता कॅप आणि रोटर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं झाकण आणि त्याच्या आत फिरणारा तुकडा. इथेही मी दोनदा घेतले. ऑगस्टमध्ये घेतलेल्या कॅपचे आतले टोक ॲल्युमिनियमचे होते. जानेवारीत एका दमट, धुक्याच्या सकाळी गाडी आयडलला थरथरायला लागली, मिसिंग ऐकू येत होतं. कॅपचे दोन स्क्रू काढून ती उजेडात धरली. सहाच्या सहा टोकांवर चुन्यासारखी पांढरी पूड, दोन ठिकाणी टोक खाल्लेलं. कॅपमध्ये सतत ठिणगी उडत असते, त्यातून ओझोन तयार होतो, आणि ॲल्युमिनियम त्याच्यापुढे टिकत नाही. पाच महिन्यांत ही गत. पितळी टोकांची कॅप घेतली, स्टँडर्ड कंपनीची ब्लू स्ट्रीक. किंमत दुपटीच्या आसपास. आता आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात उघडून बघितली तर टोकांवर करडी छटा आहे, पूड नाही, खड्डा नाही. दुकानात उभं असाल तर कॅप उलटी करून बघा, पिवळी झाक दिसली तरच घ्या. ऑनलाइन घेताना आतल्या बाजूचा फोटो नसेल तर मी तो पर्याय सोडून देतो.

कॅप बदलताना वायरी सगळ्या एकदम उपटू नका. जुनी कॅप शेजारी धरून एकेक वायर नव्या कॅपवर न्या. तरीही घोळ झालाच तर म्हणून सिलिंडर पेटण्याचा क्रम लिहून ठेवा: १-५-३-६-२-४, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने.

वायरींचं थोडक्यात. आठ मिलिमीटर जाडीच्या, कार्बन गाभ्याच्या साध्या मोटरक्राफ्टच्या वायरी लावल्या आणि विषय संपला. आधी कुणीतरी दिलेल्या लाल, जाडजूड, तांब्याच्या तारेच्या रेसिंगवाल्या वायरी लावून बघितल्या होत्या. रेडिओवर एएमला भुंगा घोंगावल्यासारखा आवाज, तोही ॲक्सिलरेटरबरोबर चढणारा. रेडिओला जे ऐकू येतं ते गाडीच्या कॉम्प्युटरलाही ऐकू येतं, म्हणून त्या दुसऱ्याच दिवशी उतरवल्या.

प्लग तांब्याच्या गाभ्याचे, साधे, सहा मिळून वीस डॉलरच्या आत. इरिडियमचे महाग प्लग घेण्यात या इंजिनाला मला काही फायदा वाटत नाही. सगळे प्लग एका बाजूला, हाताशी, अर्ध्या तासात बदलून होतात, मग लाख मैलांचा प्लग कशाला? मात्र गॅप, म्हणजे प्लगच्या टोकाची फट, स्वतः मोजा. १.१ मिलिमीटर हवी. माझ्या सहापैकी एका प्लगची डब्यातूनच ०.९ निघाली. फिलर गेज अण्णांनी दिलेलं आहे, त्यांच्या जीपच्या पॉइंटसाठी वापरलेलं. त्याच्या पात्यांवर अजून त्यांच्या हाताने कोरलेले आकडे आहेत.

कॉईल मी बदलली नाही. "एवढं बदलतोयस तर कॉईलही टाक" असं तिघांनी सांगितलं. मीटर लावला: कॉईलची प्रायमरी गुंडाळी ०.६ ओहम, सेकंडरी ८.९ हजार. इंजिन तापल्यावर पुन्हा मोजलं, आकडे जवळपास तेच. अंगावर तडा नाही, टोक स्वच्छ. जुना मूळचा पार्ट मोजमापात बसत असेल तर तो काढून आजच्या बाजारातला अनोळखी पार्ट बसवणं मला पटत नाही. ती आजही गाडीत आहे. आख्खा रिकंडिशन केलेला डिस्ट्रिब्युटर घ्यायचं मी याच कारणाने टाळलं. त्यावर मॉड्युल कुठलं बसवलंय आणि त्याच्या पाठीला काय लावलंय हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

पेट्रोलचं सांगायचं तर आधी गॅलनला साडेतेरा मैल मिळत होते, आता पंधरापर्यंत जाते. यातलं बरंचसं कॅप, प्लग आणि नीट लावलेल्या टायमिंगमुळे असावं असा माझा अंदाज. गिअर टाकताना लागणारा हिसका कमी झाला आणि सकाळी अर्ध्या सेल्फला चालू होते.

खरी परीक्षा या महिन्यात झाली. ऑस्टिनला मंडळाच्या गणपतीसाठी मखराच्या फळ्या, पडदे आणि दोन समया घेऊन निघालो. पन्नासेक मैल, शनिवारची दुपार, ३७ अंश. आय-३५ वर अपघात झाला होता. सव्वा तास गाडी मुंगीच्या पावलाने, एसी चालू, बॉनेटमधून गरम वारा पायावर येत होता. मॉड्युल मरायला याहून चांगली संधी नव्हती. माझं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं इंजिनाच्या आवाजावर. शेजारी बायको काही बोलत नव्हती, ऑक्टोबर तिलाही आठवत होता. इंजिन एकदाही चुकलं नाही. पोचल्यावर बॉनेट उघडून मॉड्युलला बोट लावलं तर चटका बसला, डिस्ट्रिब्युटरलाही तेवढाच. म्हणजे उष्णता मॉड्युलमध्ये साठत नाहीये, डिस्ट्रिब्युटरकडे वाहतेय.

ग्लोव्ह बॉक्समध्ये आता एक जास्तीचं राखाडी मॉड्युल, साडेपाचचं सॉकेट आणि पेस्टची नळी फडक्यात गुंडाळून ठेवलेली असते. अकरा महिन्यांत ते फडकं सोडावं लागलेलं नाही. येत्या ऑक्टोबरात वर्ष पूर्ण झालं की मॉड्युल खाली उतरवून पेस्ट वाळली का ते बघणार आहे आणि नवा थर देणार आहे.