ब्लिट्झऑर्टुंगचा विजांचा लाइव्ह नकाशा: ढगांचं वेड असेल तर हा उघडाच

विजा दाखवणारी ॲप ढिगानं आहेत, पण बहुतेक सगळी "वादळ जवळ आलंय" एवढं सांगतात आणि पुढे काही नाही. मला वादळी ढग आतून कसा चालतो यात रस आहे आणि त्यासाठी आतापर्यंत जे जे फुकट वापरलं त्यात ब्लिट्झऑर्टुंगचा नकाशा मला सगळ्यात भारी वाटला. लाइटनिंगमॅप्स नावाच्या साइटवरही हाच डेटा दिसतो, दोन्हींपैकी जी आवडेल ती वापरा.

आधी हे चालतं कसं ते सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ विद्यापीठातले कॉम्प्युटर सायन्सचे प्राध्यापक एगॉन वांके यांनी हे उभं केलं आणि जगभरातल्या हौशी लोकांनी आपापल्या घरी रिसीव्हर बसवून ते वाढवलं. वीज पडली की अगदी कमी फ्रिक्वेन्सीच्या, साधारण 3 ते 30 किलोहर्ट्झच्या रेडिओलहरी सुटतात आणि त्या जमीन आणि आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्या मधून हजारो किलोमीटर जातात. प्रत्येक स्टेशन जीपीएसच्या घड्याळावरून लहर नेमकी कधी पोचली ते नोंदवतं, मग सर्व्हर वेगवेगळ्या स्टेशनांच्या वेळांतला फरक घेऊन जागा काढतो. प्रकाश एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जातो, म्हणजे घड्याळ एवढंसं चुकलं तरी नकाशावरचा विजेचा ठिपका किती सरकेल बघा! एवढं सगळं होऊन काही सेकंदांत ठिपका तुमच्या स्क्रीनवर, आणि तेही स्वतःच्या खर्चानं स्टेशन चालवणाऱ्या लोकांच्या जिवावर, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

सेटिंगमध्ये गडगडाटाचं वर्तुळ चालू करा. ठिपका पडला की त्याच्याभोवती आवाजाच्या वेगानं, सेकंदाला साधारण 340 मीटर, एक गोल पसरत जातो आणि तो तुमच्या जागेला टेकला की खरोखर आवाज येतो. मुलांना दाखवायला याच्याइतकं चांगलं काही नाही. आवाज साधारण 15 ते 20 किलोमीटरच्या पुढे ऐकू येत नाही, तेही इथे आपोआप कळतं.

पण माझ्यासाठी खरी किंमत आहे ती एकच ढग तासभर बघत बसण्यात. नवीन वीज फिकट रंगात, जुनी होत गेली की लालसर, त्यामुळे वादळ कुठून कुठे सरकलं ते रंगांवरूनच दिसतं. सुरुवातीला तुरळक ठिपके, मग अचानक गर्दी, मग विरळ होत होत संपतं आणि कधी कधी शेजारीच नवा ढग तयार होऊन तिथे परत सुरू. हे असं का, तर वीज बनते ती ढगातल्या बर्फामुळे. वर चढणाऱ्या हवेच्या झोतात गोठणबिंदूच्या खाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात, ते चिकटून मऊ गारेसारखे कण, म्हणजे ग्रॉपेल, तयार होतात आणि त्यांची छोट्या हिमकणांशी टक्कर होते. जपानी संशोधक ताकाहाशींनी 1978 मध्ये प्रयोगशाळेतल्या मोजमापांतून दाखवलं की या टकरीत ग्रॉपेलवर कोणता विद्युतभार येणार, धन की ऋण, हे तापमान आणि ढगातलं पाणी यावर ठरतं, साधारण उणे 10 अंशांपेक्षा थंड भागात तो बहुतेक ऋण. जड ग्रॉपेल मधेच राहतं, हलके धनभारित हिमकण वर जातात, आणि भार असे वेगळे झाले की वीज. थोडक्यात वर जाणारा झोत जितका जोरकस तितके ग्रॉपेल जास्त, टकरी जास्त, विजा जास्त. सुपरसेलमध्ये, म्हणजे स्वतःभोवती फिरणारा झोत असलेल्या मोठ्या वादळात, हा झोत सेकंदाला 40 मीटरच्याही वर जाऊ शकतो! म्हणूनच विजांचा दर अचानक उसळला की पुढच्या काही मिनिटांत मोठ्या गारा किंवा जोरदार वारा येण्याची शक्यता वाढते, संशोधक याला लाइटनिंग जंप म्हणतात.

आता उणीव, आणि ती नेमकी इथेच लागते. बहुतेक विजा ढगातल्या ढगातच होतात, जमिनीवर येतात त्या कमी, आणि एवढ्या कमी फ्रिक्वेन्सीवर लांबून पकडायला जमिनीवर येणारा जोरदार झटकाच सोपा असतो. त्यामुळे लाइटनिंग जंप हा नकाशा अर्धवटच दाखवणार, त्यासाठी ढगातल्या विजाही मोजणारी यंत्रणा लागते, उदाहरणार्थ 2016 मध्ये सोडलेल्या गोज-16 या अमेरिकी हवामान उपग्रहावर बसवला तसा लाइटनिंग मॅपर, जो वरून चमक बघतो. ऑक्टोबर 2017 मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या पूर्व भागापासून कॅन्सस सिटीजवळपर्यंत गेलेली 829 किलोमीटर लांब वीज, जिला जागतिक हवामान संघटनेनं 2025 मध्ये विक्रम म्हणून मान्यता दिली, ती उपग्रहामुळेच एकसंध म्हणून मोजता आली. ठिपक्यांच्या नकाशावर ती सुट्या ठिपक्यांसारखीच दिसली असती.

दुसरं म्हणजे स्टेशनं सगळीकडे सारखी नाहीत, युरोपात दाट आहेत, आफ्रिकेत आणि महासागरांवर विरळ. म्हणून ठिपके कमी दिसले तर लगेच वादळ कमजोर आहे असं धरू नका, आधी ठिपक्यापासून स्टेशनांपर्यंतच्या रेषा चालू करून बघा. चारपाच रेषाच असतील तर जागेवर फार विसंबू नका, भरपूर असतील तर बिनधास्त.

आणि जीव वाचवायला हे वापरू नका, ते स्वतःच साइटवर तसं सांगतात. चमक आणि आवाज यांत 30 सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर सरळ पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका, मग नकाशा काहीही म्हणू दे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो ढगातल्या विजांसाठी. शेजारच्या खिडकीत उपग्रहाचं ढगमाथ्याच्या तापमानाचं चित्र उघडून ठेवा, माथा थंड होत चाललाय आणि ठिपकेही वाढतायत हे एकत्र बघितलं की ढग वाढतोय हे स्पष्ट कळतं. कुठल्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात हे कोणी वाचत असेल तर एक स्टेशन बसवाच, विरळ भागात एकेका स्टेशनानं खूप फरक पडतो.