रास्पबेरी पायसाठी हब: अडॅप्टरवाला घ्यावा की साधा?

घोडबंदर रोडच्या फ्लॅटमधला होम सर्व्हर असो की महापेच्या गाळ्यात मशीनवर नजर ठेवणारा रास्पबेरी पाय (एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसता 'पाय'), यूएसबी हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी) घेण्याआधी पायच्या पोर्टमधून किती करंट मिळतो ते बघा. पाय ४ या मॉडेलचे चारही पोर्ट मिळून १.२ अँपिअर. पाय ५ ला ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर असेल तर १.६, नाहीतर फक्त ०.६. इथेच बरेच जण फसतात. लॅपटॉपचा ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर दणकट वाटतो, पण ५ व्होल्टवर तो सहसा ३ अँपिअरच देतो.

साधा हब करंट वाढवत नाही, आहे तोच वाटून देतो. कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्हला तेवढं पुरतं. शिवाय स्वस्त, आणि वायरींचा पसारा नाही. त्याला २.५ इंची हार्ड डिस्क लावली की मात्र रडगाणं सुरू. फिरायला लागताना ती क्षणभर १ अँपिअरच्या आसपास ओढते, व्होल्टेज पडतं, डिस्क गायब होते. लॉगमध्ये 'अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड' असं बऱ्याचदा स्पष्ट लिहिलेलं असतं, तरी लोक डिस्कच बदलतात!

अडॅप्टरवाला, म्हणजे स्वतःची वेगळी वीज घेणारा हब हे दुखणं घालवतो, पण काही हब आपले ५ व्होल्ट उलटे पायमध्ये ढकलतात. पावसाळ्यात लाइट गेली, हब इन्व्हर्टरवर आणि पाय त्याच्या बाहेर, की पाय धड बंदही होत नाही आणि नंतर धड बूटही होत नाही. म्हणून हब परत करण्याची मुदत संपायच्या आत तपासा: हबचा अडॅप्टर चालू ठेवा, पायकडे जाणारा प्लग काढा आणि त्याच्या चार मुख्य पिनांपैकी कडेच्या दोनांवर मल्टिमीटर लावा. ५ व्होल्टच्या आसपास दिसले तर तो हब नको. चांगला निघाला तरी हब आणि पाय एकाच बॅकअपवर ठेवा.

एकच एसएसडी असेल तर हबच्या भानगडीत न पडता ती थेट पायच्या निळ्या (यूएसबी ३) पोर्टात लावा. झिगबी डोंगल (स्मार्ट होमच्या वस्तूंशी वायरलेस बोलणारी यूएसबी कांडी) मात्र तिच्या शेजारी नको. यूएसबी ३ चा गोंगाट झिगबीच्या २.४ गिगाहर्ट्झवर पडतो. डोंगलसाठी काळ्या (यूएसबी २) पोर्टातून मीटरभर एक्स्टेंशन घ्या.

झीरो २ डब्ल्यू या छोट्या पायला यूएसबी २ चा एकच डेटा पोर्ट, त्यामुळे यूएसबी ३ चा महाग हब तिथे वाया.

५ व्होल्टवाल्या हबचा अडॅप्टर किमान ३ अँपिअरचा हवा. पिन बसते म्हणून त्याला राउटरचा १२ व्होल्टवाला लावू नका. हब तर जाईलच, कदाचित त्याला लावलेल्या वस्तूही जातील.