कॅप्रिलिक ॲसिडच्या कॅप्सूल : पाच महिन्यांच्या वापरानंतर

दम्यासाठी रोज दोन वेळा बुडेसोनाईड या स्टेरॉइडचा इनहेलर घेत असल्यामुळे गेल्या पावसाळ्यात माझ्या जिभेवर आणि टाळूवर कवडीदार दह्यासारखे पांढरे थर धरू लागले. कोथरूडमधील आमच्या डॉक्टरांनी ते कॅन्डिडा बुरशीचे असल्याचे सांगून तोंडात लावायचे क्लोट्रिमेझोल हे बुरशीनाशक दिले, इनहेलरला स्पेसर (ज्यातून फवारा ओढून घ्यायचा ती पोकळ नळी) जोडायला सांगितले आणि प्रत्येक वेळी चूळ भरून पाणी थुंकून टाकण्यास बजावले. त्याच आठवड्यात, गणपती उठल्यावर, ‘याने कॅन्डिडा मरतो’ या एका स्नेह्यांच्या आग्रहावरून मी खोबरेल तेलातून काढलेल्या कॅप्रिलिक ॲसिडच्या कॅप्सूलही सुरू केल्या. (शेळीसाठीच्या लॅटिन शब्दावरून या आम्लाचे नाव पडले आहे, ढेकर आल्यावर ते का, हे कळते.)

दीड महिना तोंड स्वच्छ राहिले आणि श्रेय अर्थातच कॅप्सूलला मिळाले. दिवाळीत मात्र रत्नागिरीला दहा दिवस राहिलो, स्पेसर पुण्यातच विसरला, पाहुण्यांच्या गडबडीत चुळाही राहून गेल्या. कॅप्सूल मात्र एकदाही चुकली नव्हती. आठव्या दिवशी टाळूवर चट्टे परतले. पुण्यात येऊन पुन्हा क्लोट्रिमेझोलने ते घालवले आणि डिसेंबरपासून पाच आठवडे कॅप्सूल पूर्ण बंद ठेवून केवळ स्पेसर आणि चुळांवर राहिलो, तर काहीही उगवले नाही. जानेवारीत उरलेल्या कॅप्सूल संपवल्या, तेव्हाही काही फरक दिसला नाही.

एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून थोडे वाचन केले. आइसलँडमधील संशोधकांनी 2001 साली प्रयोगशाळेत मेदाम्ले (तेला-तुपातली आम्ले, कॅप्रिलिक त्यांपैकीच एक) थेट कॅन्डिडावर सोडून पाहिली, तेव्हा सर्वांत लवकर बुरशी मारली ती कॅप्रिक आम्लाने, आणि कमी प्रमाणात पण अधिक वेळ दिल्यावर लॉरिक आम्लाने. माझ्या बाटलीतले कॅप्रिलिक हे त्यांचे धाकटे भावंड. शिवाय तेथे आम्ल आणि बुरशी एकाच नळीत होती, तर गिळलेली कॅप्सूल पोटात गेल्यावर उघडते आणि त्यातील आम्ल आतड्यातून शोषले जाऊन सरळ यकृताकडे जाते, जिभेकडे फिरकतही नाही. याच कुळातले अनडेसिलेनिक आम्ल नायट्यावर चालते, तेही मलमातून कातडीवर राहते म्हणून.

बाटली आता संपली आहे आणि दुसरी मागवलेली नाही. स्पेसर मात्र एक जादा घेऊन प्रवासाच्या बॅगेत ठेवला आहे.