स्टीम क्लीनर घ्यायचाय? हातातला, टाकीवाला की मॉप, आधी हे वाचा

दिवाळीचे सेल लागले की स्टीम क्लीनर सगळीकडे दिसायला लागतात, अडीच-तीन हजारापासून पंधरा-वीस हजारापर्यंत, आणि व्हिडिओत सगळेच एका फटक्यात ओटा चकचकीत करून दाखवतात. आमच्या घरात आणि नातेवाइकांकडे मिळून तिन्ही प्रकार वापरून झालेत त्यामुळे माझं मत आधीच सांगते. टू बीएचके फ्लॅट, रोज फोडणी-तळणीचं किचन आणि घरात १६ अँपिअरचा सॉकेट असेल तर १५०० वॅटच्या आसपासचा टाकीवाला, म्हणजे जमिनीवर ठेवायची टाकी आणि लांब पाइप असलेला, घ्या. छोटं घर आणि फक्त खिडक्यांचे चॅनेल, गॅसची शेगडी, नळाच्या मागची घाण एवढंच काम असेल तर हातातला पुरतो. स्टीम मॉप आपल्याकडच्या बहुतेक घरांना लागतच नाही, का ते पुढे लिहिलंय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. वाफ घाण उचलत नाही, ती फक्त सैल करते. उचलायचं काम फडक्याचं. चिमणीची जाळी घ्या, सिंकमध्ये तिरकी धरायची आणि बारीक नोझल दोन बोटांवर धरून हळूहळू खाली न्यायचं, की तो चिकट पिवळट थर तपकिरी होऊन पन्हाळीतून वाहायला लागतो, आणि ज्या क्षणी वाहतो त्याच क्षणी दुसऱ्या हातातल्या जुन्या बनियनच्या फडक्याने पुसून घ्यायचा, कारण अर्ध्या मिनिटात थंड झालं की तेच तेल परत घट्ट बसतं आणि आता पसरून जास्त जागेवर बसतं. खूप जणांचं "मशिन बेकार आहे" असं मत इथेच होतं, मशिन ठीक असतं, फडकं हातात नसतं. म्हणून पाच-सहा सुती फडकी आणि शेजारी बादली असल्याशिवाय सुरूच करू नका.

आणि वाफेने काय निघत नाही तेही ऐका. बाथरूमच्या नळावर, शॉवरच्या काचेवर जे पांढरे डाग असतात ते पाण्यातल्या क्षारांचे, ते वाफेने विरघळत नाहीत, त्याला सायट्रिक ॲसिड किंवा तसलं काहीतरी आंबटच लागतं. पितळेच्या देवांवरचा काळपटपणा पण जात नाही, समईच्या नक्षीत अडकलेलं जुनं तेल आणि काजळी मात्र फार छान निघते, नंतर पितांबरी लावली की अर्ध्या मेहनतीत काम होतं. गंज, करपलेल्या दुधाचा कोळसा, भिंतीवरची ओल, यापैकी कशासाठी घेणार असाल तर पैसे वाचवा.

आता प्रकारांकडे येऊ. सगळा फरक शेवटी किती वाफ आणि किती वेळ यावर येतो, आणि हे बॉक्सवरच्या वॅटवरूनच कळतं. साध्या तापमानाच्या पाण्याची वाफ करायला जेवढी ऊर्जा लागते त्या हिशोबाने १००० वॅटचं मशिन मिनिटाला साधारण २३ ग्रॅमच वाफ बनवू शकतं, १५०० वॅटचं ३५ ग्रॅम, २००० वॅटचं ४७ च्या आसपास. कुठल्याही कंपनीला यापुढे जाता येत नाही, जाहिरातीत काही का लिहिलेलं असेना. हातातल्या मशिनमध्ये पाणी दोनशे ते साडेतीनशे मिली मावतं, म्हणजे सलग दहा-बारा मिनिटांचा खेळ, आणि प्रत्यक्षात सुरुवातीचा जोर ओसरला की मध्ये मध्ये थांबावं लागतं.

प्रेशरचे आकडे पण बघा. ३ बार, ३.५ बार असं लिहिलेलं असतं. घरातला कुकर साधारण १ बारवर चालतो आणि आत १२० अंशाच्या आसपास असतं, ३ बारला बॉयलरच्या आत १४० च्या वर जातं. पण हे आतलं तापमान, बाहेर पडल्या पडल्या वाफ शंभरावर येते आणि वीतभर अंतरावर तर हात भाजण्यापलीकडे तिचा काही उपयोग राहत नाही. त्यामुळे "१५० अंशाची वाफ" वगैरे वाचून भुलू नका, नोझल पृष्ठभागाला जवळजवळ टेकवूनच काम होतं, आणि म्हणूनच नोझल लांब, बारीक आणि हातात नीट बसणारं आहे का हे मला प्रेशरच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

हातातल्याचा मोठा फायदा म्हणजे ९०० ते १०५० वॅटचा असेल तर साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो, तीन-चार मिनिटांत तापतो, कपाटाच्या कोपऱ्यात मावतो. अगारो, इनालसासारख्या कंपन्यांचे असे मिळतात. तोटा असा की पाण्यासकट सगळं वजन मनगटावर, आणि ओट्याच्या वरच्या टाइल्स करताना हात वर धरून दहा मिनिटं म्हणजे खांदा बोलायला लागतो. तिरका किंवा उलटा धरला की वाफेऐवजी गरम पाण्याचे थेंब पडतात, वरच्या कामाला हे धोक्याचं आहे. माझ्या आईला हा प्रकार अजिबात जमला नाही, सांधेदुखी असलेल्या कुणालाच मी तो घ्या म्हणणार नाही.

टाकीवाल्यात वजन जमिनीवर राहतं, हातात फक्त पाइप आणि गन. पाणी एक लिटरच्या आसपास, म्हणजे १५०० वॅटवर जवळजवळ पंचवीस-तीस मिनिटं वाफ, एका भरण्यात ओट्यामागच्या टाइल्स, शेगडी आणि चिमणीची जाळी होऊन जाते. पण यातही दोन जाती आहेत आणि दुकानात हे कुणी सांगत नाही. एकात सरळ बॉयलरच भरायचा असतो, पाणी संपलं की मशिन बंद करून प्रेशर पूर्ण उतरेपर्यंत थांबायचं, मगच झाकण उघडायचं, परत भरायचं, परत तापवायचं, कामाची लय पार मोडते. दुसऱ्यात पाण्याची वेगळी टाकी असते, त्यातून पंप थोडं थोडं पाणी हीटरकडे ढकलतो, त्यामुळे मध्येच पाणी भरता येतं. उदाहरणच द्यायचं तर कार्चरचा एससी २ पहिल्या जातीतला, १५०० वॅट, एक लिटर, तापायला कंपनी साडेसहा मिनिटं सांगते, आणि त्याच कंपनीचा एससी ३ दुसऱ्या जातीतला, अर्ध्या मिनिटात वाफ देतो आणि पाणी मध्येच भरता येतं, पण किंमत वर जाते आणि त्यात क्षार अडवणारी कार्ट्रिज असते ती संपली की विकत आणा. महिन्यातून एकदा एका खोलीचं काम करणाऱ्याने पहिलाच घ्यावा, बॉयलर साधा, बिघडायला कमी गोष्टी. दिवाळीला सगळं घर दोन दिवसांत काढणाऱ्याला दुसऱ्याचे जास्तीचे पैसे वसूल होतात. पहिल्या जातीत पाणी अर्धंच भरलं तर तापायला पण जवळपास अर्धाच वेळ लागतो, छोट्या कामाला हे लक्षात ठेवा.

स्टीम मॉप म्हणजे काठीला मशिन आणि खाली कापडाचा पॅड. जिथे गालिचे आणि आठवड्यातून एकदा फरशी असा प्रकार आहे तिथे ठीक असेल. आपल्याकडे रोज केर निघतो, रोज फरशी पुसली जाते आणि धूळ इतकी की मॉपचा पॅड दोन खोल्यांत काळा होतो, मग धुवा, वाळवा, दुसरा लावा. साध्या पोछ्याने पाच मिनिटांत होणाऱ्या कामाला सहा-सात हजार घालायचे हे मला पटत नाही. अपवाद दोन, घरात रांगतं बाळ असेल आणि फिनाइल नको असेल, किंवा मांजर-कुत्रं असेल आणि वास राहत असेल. तिथेही टाकीवाल्याबरोबर फरशीचा ब्रश येतोच, त्याला टर्किश टॉवेलचं फडकं गुंडाळलं की मॉपच झाला.

पाण्याचा विषय मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण मशिन मरतं ते बहुतेक वेळा यानेच. वाफ निघून जाते पण पाण्यातले क्षार आतच राहतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची, म्हणजे विरघळलेल्या क्षारांची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, म्हणजे ५०० टीडीएसचं पाणी वापरलंत तर दर लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार बॉयलरमध्ये जमा, वीस टाक्या झाल्या की दहा ग्रॅम, हीटरवर एवढा थर म्हणजे तापायला वेळ, नोझल तुंबणं आणि पांढरे कण उडणं. मुंबईत भातसा-तानसा-वैतरणाचं पाणी मऊ आहे, तिथे फार चिंता नाही. पण पुण्यात वाघोली, हिंजवडीकडे टँकर आणि बोअरवर असलेल्या सोसायट्या, मराठवाड्यातलं बोअरचं पाणी, तिथे सरळ आरओचं पाणी भरा, आणि काम झालं की थंड झाल्यावर उरलेलं पाणी ओतून टाकी खळखळून घ्या. क्षार साठलेच तर मशिन बंद ठेवून लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड घालून काही तास ठेवायचं, ओतायचं, दोनदा साध्या पाण्याने धुवायचं, अर्थात तुमच्या मशिनच्या पुस्तकात काय लिहिलंय ते आधी बघून. व्हिनेगर बऱ्याच कंपन्या नको म्हणतात. फिनाइल, डेटॉल, अत्तर असलं काहीही टाकीत घालायचं नाही, ते गरम होऊन थेट तुमच्या नाकात येतं.

विजेचं पण बघून घ्या. ६ अँपिअरच्या सॉकेटची हद्द २३० व्होल्टला १३८० वॅट, त्यामुळे १५०० चं मशिन त्यावर लावायचंच नाही, आणि स्वस्तातल्या एक्स्टेंशन बोर्डवर तर मुळीच नाही, पिन वितळते. गिझर किंवा ओव्हनचा मोठा सॉकेट कुठे आहे आणि तिथून वायर किती लांब पोचते हे घरी मोजून मग मॉडेल निवडा. हॉलमध्ये १६ चा पॉइंट नसेल आणि मुख्य काम सोफ्याचं असेल तर नाइलाजाने हातातलाच घ्यावा लागेल. बिलाची काळजी नको, १५०० वॅट अर्धा तास म्हणजे पाऊण युनिट.

कुठे वापरायचा नाही ही यादी लांब आहे. सनमायकाच्या कडा सुटतात कारण आतला गोंद मऊ होतो, लॅमिनेटचं वुडन फ्लोअरिंग फुगतं, पॉलिश केलेल्या लाकडावर पांढरे धब्बे येतात, डिस्टेंपरच्या भिंतीचा रंग फडक्याबरोबर निघून येतो. थंडीत गार पडलेल्या काचेवर एकदम वाफ मारली तर ती तडकू शकते. पॉलिश केलेल्या मार्बलवर आणि कडाप्प्यावर आधी कोपऱ्यात करून बघा. लेदरच्या सोफ्यापासून आणि स्विचबोर्डपासून लांब. उलट ग्लेझ्ड टाइल्स, त्यांच्यामधल्या फटी, ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचं सिंक, फ्रिजच्या दाराचं रबर, स्लायडिंग खिडकीचे चॅनेल, इथे त्याच्यासारखं काही नाही. चॅनेलमधली सुकलेली माती आधी ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा मात्र, नाहीतर चिखल होतो.

गाद्या आणि ढेकणांसाठी घेणारे बरेच आहेत. ५५ अंशांच्या वर ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात, तेव्हा हे काम होतं, पण वीतभर जागेला आठ-दहा सेकंद इतक्या सावकाश आणि रुंद ब्रशला फडकं बांधून, कारण बारीक नोझलच्या जोराने ढेकूण मरायच्या ऐवजी उडून दुसरीकडे जातात. पलंगाच्या सांध्यांत, गादीच्या शिवणीत जास्त वेळ द्या, आणि एका फेरीत संपतील अशी अपेक्षा ठेवू नका. हातातल्या मशिनने हे नीट होत नाही, वाफ पुरत नाही. आणि हे पावसाळ्यात करू नका, कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये ओली झालेली गादी चार दिवस वाळत नाही आणि मग बुरशी धरते. ऑक्टोबर हीटमध्ये किंवा मार्च-एप्रिलला, सकाळी, पंखा लावून.

वापरणार कोण हे घरात आधीच बोलून ठेवा. कामाला येणाऱ्या मावशींच्या हातात देणार असाल तर शेजारी उभं राहून एकदा पूर्ण दाखवा, विशेषतः झाकणाचं. तापलेल्या बॉयलरचं झाकण जोर लावून उघडणं हा यातला सगळ्यात मोठा धोका आहे. चांगल्या मशिनमध्ये प्रेशर असेपर्यंत झाकण मोकळंच फिरतं, उघडत नाही, आणि गनवर मुलांसाठी लॉक असतं. या दोन गोष्टी नसतील तर कितीही स्वस्त असलं तरी ते मशिन घरात आणू नका.

विकत घेताना कपड्यांच्या स्टीमरशी गल्लत होऊ देऊ नका, ऑनलाइन शोधात दोन्ही एकत्र येतात, कपड्यांच्या स्टीमरमध्ये सहसा असं प्रेशर नसतं. ब्रश, झाकणाची रबरी रिंग, पाइप हे सुटे मिळतात का आणि तुमच्या शहरात सर्व्हिस आहे का हे विचारा, रिंग सहसा सगळ्यात आधी जाते आणि ती मिळाली नाही तर बारा हजारांचं मशिन माळ्यावर. पितळी तारेचा ब्रश शेगडीच्या बर्नरपुरताच, नॉनस्टिक किंवा सनमायकावर ओरखडे येतात. बॉक्स आला की रिटर्नची मुदत असेपर्यंतच पूर्ण टाकी भरून एकदा शेवटच्या थेंबापर्यंत चालवा, पाइपच्या जोडापाशी थेंब गळतात का, वाफ मध्येच तुटते का ते बघा, आणि मशिन बंद करून प्लग काढल्यावर पिनला हलका हात लावून बघा, चटका बसला तर सॉकेट सैल आहे किंवा वायर कमी जाडीची, इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय पुन्हा लावू नका.